हे विचारायचं कुठे?
संसदेची पर्यावरण समिती आणि आपण

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘विषय काय घेणार?’ मी म्हटलं, संसदेची पर्यावरणविषयक स्थायी समिती. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, ‘पोरं झोपतील रे.’ त्यामुळे आधीच सांगतो, कुणाला झोप आली तर माझी हरकत नाही. पण मी ज्या पाण्याची गोष्ट सांगणार आहे, त्या पाण्याने आमच्या घराला एक रात्रभर झोपू दिलं नव्हतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. कायद्याचं किंवा पर्यावरणशास्त्राचं शिक्षण माझ्याकडे नाही. माझं घर चिपळूणचं, नोकरी पुण्यात. २०२१ साली २१ जुलैला बकरी ईद होती. कोरोनाचे दिवस, त्यामुळे नमाज घरातच झाली. पाऊस सकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हता. रात्री जेवून सगळे आडवे झाले आणि उत्तररात्री शेजारच्या चाचांनी दार वाजवलं, ‘उठा, वाशिष्ठी आत आली.’ पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. दादीला आम्ही दोघांनी उचलून माळ्यावर नेलं. २२ तारखेचा अख्खा दिवस आम्ही माळ्यावर काढला. खाली दुकानाचा माल, फ्रीज, कागदपत्रं, अम्मीची शिलाई मशीन, सगळं गढूळ पाण्यात फिरत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर डोंगर कोसळला, हे आम्हाला मोबाइलला रेंज आल्यावर कळलं.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी मळकट रेघ राहिली, ती अब्बांनी टेपने मोजली. नऊ फूट दोन इंच. त्या रेघेवर त्यांनी खडूने तारीख लिहिली आणि मला विचारलं, ‘तू शिकलेला आहेस. मला सांग, हे विचारायचं कुठे?’

मी म्हटलं, नगरपरिषदेत. ते म्हणाले, ‘तिथे गेलो होतो. ते म्हणतात नदीचा गाळ आमच्याकडे नाही.’ मग म्हटलं, पाटबंधारे खातं. ‘ते म्हणतात पाऊसच जास्त झाला.’ धरणाचं पाणी? ‘त्याबद्दल प्रत्येकजण वेगळं सांगतो.’ वरच्या डोंगरातली झाडं? ‘ते वनखातं. आणि वनखातं म्हणतं, ती जमीन खासगी आहे.’

चिपळूणला पूर एका कारणाने येत नाही. सह्याद्रीच्या कड्याखाली वसलेलं गाव, एका रात्रीत पडणारा प्रचंड पाऊस, खाडीची भरती, नदीपात्रात साठलेला गाळ, नदीकाठचं बांधकाम, आणि कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणीही याच वाशिष्ठीत उतरतं. फक्त झाडं तोडली म्हणून पूर आला, असं मी म्हणणार नाही. पण यातल्या प्रत्येक कारणामागे कुठला ना कुठला कायदा, नियम किंवा खर्चाचा निर्णय आहे. त्या वर्षी डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे गाळ उपशाचं काम जोरात सुरू झालं. गाळाचा प्रश्न गावात बसून सुटू शकत होता. डोंगराचा, जंगलाचा, नदीच्या नियमांचा प्रश्न मात्र दिल्लीपर्यंत जातो. तो दिल्लीत नेमका कुठे जातो, ते शोधताना मला ही समिती सापडली.

आता ही समिती म्हणजे काय?

आपण टीव्हीवर जी संसद बघतो, तो सभागृहाचा भाग. घोषणा, फलक, तहकुबी. बारकाईचं काम बऱ्याच अंशी समित्यांमध्ये चालतं. १९८९ साली संसदेने पहिल्यांदा तीन विषय समित्या नेमल्या. एक शेतीसाठी, एक विज्ञान-तंत्रज्ञानासाठी आणि एक पर्यावरण व वनांसाठी. म्हणजे आपल्या संसदेने ज्या विषयांवर प्रथम बारीक नजर ठेवायची ठरवली, त्यात जंगल होतं. १९९३मध्ये ही पद्धत वाढवून १७ विभागसंबंधित स्थायी समित्या झाल्या, २००४मध्ये त्या २४ झाल्या. आज आपल्या विषयाच्या समितीचं लांबलचक नाव आहे : विज्ञान आणि तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल यांविषयीची स्थायी समिती. ती राज्यसभेच्या अखत्यारीत येते.

तिच्यात ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. सगळ्या पक्षांचे, साधारण संख्याबळाच्या प्रमाणात. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, कारण ज्याचं काम तपासायचं तोच तपासणारा कसा असेल? मुदत एक वर्षाची. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात. आणि हे वाईटच आहे असं नाही. कॅमेरा नसला की खासदार पक्षाच्या घोषणा बाजूला ठेवून प्रश्न विचारू शकतो.

समितीकडे तीन मोठी कामं असतात. एक, अर्थसंकल्पानंतर मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासणं, म्हणजे पैसा किती मागितला, गेल्या वर्षी किती खर्च झाला आणि उरला तो का उरला. दुसरं, सभापतींनी किंवा अध्यक्षांनी पाठवलेल्या विधेयकांची छाननी करणं. तिसरं, एखादा विषय स्वतः निवडून अभ्यास करणं. त्यासाठी ती सचिवांना बोलावते, तज्ज्ञांना बोलावते, जागेवर जाऊन पाहते आणि नागरिकांकडून लेखी निवेदनं मागवते. शेवटी अहवाल देते. सरकारला त्या अहवालातली प्रत्येक शिफारस पाळावी लागत नाही. पण कोणती स्वीकारली, कोणती नाही आणि का नाही, याचं लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल देते.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. आम्ही कोड लिहितो तेव्हा तो थेट लोकांच्या मोबाइलवर जात नाही. आधी दुसरा इंजिनीअर तो ओळ न् ओळ वाचतो. त्याला आम्ही कोड रिव्ह्यू म्हणतो. लिहिणारा हुशार नसतो म्हणून नव्हे, तर लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही म्हणून. स्थायी समिती हा कायद्याचा रिव्ह्यू आहे. आणि आमच्या धंद्यातली दुसरी गोष्टही खरी आहे. डेडलाइन जवळ आली की सगळ्यात आधी रिव्ह्यूला कात्री लागते, आणि बिघाड झाला की तो रात्री दोन वाजता झोपलेल्या माणसाला निस्तरावा लागतो.

या समितीने काम केल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो.

२०१४च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चस्तरीय समिती नेमली. काम काय, तर पर्यावरणाचे प्रमुख कायदे तपासून बदल सुचवणं. यात १९२७चा भारतीय वन कायदा, १९७२चा वन्यजीव कायदा, १९७४चा पाण्याचा, १९८०चा वनसंवर्धनाचा, १९८१चा हवेचा आणि १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा असे सहा कायदे होते. म्हणजे जवळपास सगळी इमारत. त्या समितीने नोव्हेंबरात अहवाल दिला. त्यातली एक कल्पना अशी होती की प्रकल्प आणणाऱ्याने दिलेली माहिती ‘परम सद्भावने’च्या तत्त्वावर खरी धरायची आणि नंतर ती खोटी निघाली तर दंड करायचा. ज्याने कुणी आपल्या गावात प्रकल्पाची जनसुनावणी पाहिली आहे, त्याला इथे हसू येईल.

हा अहवाल स्थायी समितीने तपासायला घेतला. तेव्हा अध्यक्ष होते अश्वनी कुमार. २०१५च्या जुलैमध्ये समितीने स्पष्ट लिहिलं की सहा पायाभूत कायद्यांचा फेरविचार करायला तीन महिने पुरेसे नाहीत, या अहवालावर अंमल करण्याऐवजी नामवंत तज्ज्ञांची नवी समिती नेमावी. त्यानंतर ते सहा कायदे एका फटक्यात बदलण्याचा विषय मागे पडला. एकही मोर्चा न निघता, एका खोलीत बसून वाचलेल्या कागदामुळे.

दुसरं उदाहरण २०२१च्या वन्यजीव दुरुस्ती विधेयकाचं. ते या समितीकडे आलं. समितीने अनुसूच्या वाचल्या. कोणत्या प्रजाती सुटल्या, कोणत्या चुकीच्या यादीत पडल्या, ते दाखवलं. राज्यांच्या वन्यजीव मंडळांसाठी ज्या छोट्या समित्या प्रस्तावित होत्या, त्यात अधिकाऱ्यांचाच भरणा होईल, असंही बजावलं. एप्रिल २०२२मध्ये अहवाल आला, डिसेंबर २०२२मध्ये कायदा संमत झाला. सगळं ऐकलं गेलं का? नाही. पण वाचलं गेलं, लिहिलं गेलं, नोंद राहिली.

आता दुसरी बाजू. २९ मार्च २०२३ला लोकसभेत वन संवर्धन दुरुस्ती विधेयक आलं. १९८०च्या कायद्यातली ही मोठी दुरुस्ती. विषय जंगलाचा, आणि जंगलासाठी समिती आधीच तयार. पण विधेयक तिच्याकडे गेलं नाही. त्यासाठी ३१ जणांची वेगळी संयुक्त समिती नेमली गेली, मेरठचे खासदार राजेंद्र अगरवाल तिचे अध्यक्ष. तेव्हा स्थायी समितीचे अध्यक्ष होते काँग्रेसचे जयराम रमेश, पूर्वीचे पर्यावरण मंत्री. आपल्या समितीला जाणूनबुजून डावललं जात आहे, असा लेखी आक्षेप त्यांनी राज्यसभेच्या सभापतींकडे नोंदवला. त्याआधी, डिसेंबर २०२१मध्ये, जैवविविधता दुरुस्ती विधेयकही असंच संयुक्त समितीकडे गेलं होतं.

इथे सरकारची बाजूही मांडली पाहिजे. संयुक्त समिती नेमणं बेकायदा नाही. तिच्यातही सगळ्या पक्षांचे खासदार असतात, तीही साक्षी घेते, निवेदनं मागवते. आणि दुरुस्तीमागचं कारण असं सांगितलं गेलं की १९९६च्या गोदावर्मन निकालामुळे खासगी जमिनीवरच्या झाडीबद्दल संभ्रम आहे, लोक झाडं लावायलाच घाबरतात, आणि सीमाभागातले संरक्षणाचे रस्ते अडकतात. यातल्या काही अडचणी खऱ्या आहेत. माझं म्हणणं एवढंच की हे म्हणणं तपासायला वर्षानुवर्षं या विषयाची कागदपत्रं वाचणारी समिती हाताशी असताना नवा रिव्ह्यूअर का शोधायचा? आमच्याकडे एखाद्याने असं केलं तर पहिला प्रश्न हाच विचारतात.

२० जुलै २०२३ला संयुक्त समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. विधेयकात एकही बदल सुचवलेला नव्हता. काही विरोधी सदस्यांनी भिन्नमत नोंदवलं. २६ जुलैला लोकसभेत विधेयक संमत झालं, २ ऑगस्टला राज्यसभेत, ४ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. मणिपूरवरून गदारोळ चालू होता, त्यात जंगलावर फारशी चर्चा झाली नाही.

२० जुलैची तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्या रात्री, १९ जुलैला, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. ठाकर आदिवासींची वाडी. सकाळी आम्ही सगळे बचावकार्याच्या बातम्या पाहत होतो आणि त्याच दिवशी दिल्लीत जंगलाच्या कायद्याचा अहवाल पटलावर ठेवला जात होता. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध नाही, तो मी जोडणारही नाही. पण डोंगराखाली राहणारी माणसं आणि डोंगराचा कायदा लिहिणारी माणसं एकमेकांपासून किती लांब आहेत, ते त्या दिवशी दिसलं.

या दुरुस्तीने काय बदललं, ते थोडक्यात सांगतो. कायदा कोणत्या जमिनीला लागू, याची व्याख्या बांधली गेली. एक, भारतीय वन कायद्याखाली किंवा दुसऱ्या कायद्याने वन म्हणून जाहीर झालेली जमीन. दोन, २५ ऑक्टोबर १९८० रोजी किंवा त्यानंतर सरकारी दप्तरी वन म्हणून नोंद असलेली जमीन. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे ते जंगल. नव्या व्याख्येत कागदावरच्या नोंदीला महत्त्व आलं. शिवाय आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतले सामरिक रस्ते-रेल्वेसारखे प्रकल्प, सुरक्षेसाठीची १० हेक्टरपर्यंतची बांधकामं अशा काही गोष्टींना सूट मिळाली. प्राणिसंग्रहालय, सफारी आणि पर्यटन सुविधा यांना ठरावीक अटींवर ‘वनेतर वापर’ धरायचं नाही, असंही ठरलं.

कोकणातल्या माणसाला यात काय दिसतं? आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं आहे. डोंगरावर जी हिरवळ दिसते, ती बहुतेक खासगी जमिनीवरची, सामाईक वहिवाटीची. कुठे देवराई आहे, कुठे वडिलोपार्जित रान. सातबाऱ्यावर त्यापुढे ‘वन’ लिहिलेलं नसतं. अब्बांना वनखात्याने जे सांगितलं होतं, ‘ती जमीन खासगी आहे’, तेच वाक्य आता कायद्याच्या भाषेत आलं.

फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त १९९६च्या निकालातला व्यापक अर्थच पाळायला सांगितला. म्हणजे जे प्रश्न समितीच्या खोलीत विचारले जायला हवे होते, ते कायदा झाल्यावर कोर्टात विचारले गेले. कोर्ट हा शेवटचा बांध आहे. तोच पहिला बांध झाला तर समजायचं, वरचे बांध कुणीतरी फोडलेत.

आणि हे फक्त जंगलापुरतं नाही. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था संसदेच्या कामकाजाची नोंद ठेवते. तिच्या आकड्यांनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात, २००९ ते २०१४, सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेच्या काळात, २०१९ ते २०२४, हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं.

साथींनो, इथपर्यंत मी सरकारबद्दल बोललो. आता आपल्याबद्दल बोलायचं आहे, कारण खरं म्हणजे त्यासाठीच मी आलोय.

संयुक्त समितीने २०२३च्या उन्हाळ्यात जंगलाच्या विधेयकावर लोकांची निवेदनं मागवली होती. जाहिरात आली, मुदत ठरली, मुदत संपली. आणि मला, घरातली नऊ फूट दोन इंचाची रेघ पाहिलेल्या माणसाला, हे मुदत संपल्यावर कळलं. दोन वर्षं मी मित्रांमध्ये, फेसबुकवर, चहाच्या टपरीवर पर्यावरणावर तावातावाने बोलत होतो. ज्या पंधरवड्यात बोलल्याने नोंद झाली असती, त्या पंधरवड्यात मी गप्प होतो. माहीतच नव्हतं. अब्बांनी विचारलेल्या ‘कुठे’चं उत्तर एका जाहिरातीत होतं आणि मी ती वाचली नाही. त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

आता २०२४ आठवा. वक्फ दुरुस्ती विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत काय झालं? मशिदीबाहेर क्यूआर कोड लागले, घरोघरी फोन फिरले, बाया-बापड्यांनी ईमेल पाठवले. त्या समितीच्या अहवालानुसार तिच्याकडे ९७ लाखांहून जास्त निवेदनं आली. त्या विधेयकाबद्दल, त्या मोहिमेबद्दल आणि समितीच्या कामाबद्दल या सभागृहातही वेगवेगळी मतं असतील, तो आजचा विषय नाही. मी फक्त एक गोष्ट दाखवतोय. समितीला पत्र लिहिता येतं, हे आपल्याला माहीत आहे. आपण ते करून पाहिलंय. मग जंगलाच्या वेळी, नदीच्या वेळी, हवेच्या वेळी आपला हात का उठत नाही?

एक कारण असं की आपल्याला सवय लावली गेलीय. मुसलमान माणसाने बोलायचं ते तलाकवर, वक्फवर, दंगलीवर. बाकी देशाचे विषय बाकीच्यांचे. आणि खरं सांगायचं तर आपणही ही वाटणी मुकाट्याने मान्य केली. पण वाशिष्ठी आत आली तेव्हा तिने दारावरचं नाव वाचलं नव्हतं. आमच्या माळ्यावर त्या दिवशी शेजारच्या जोशीकाकूही होत्या, त्यांचं घर आमच्याहून सखल. दादीने ईदचा शिरखुर्मा ठेवला होता तो त्यांच्या नातवाला पाजला. पुराच्या दिवशी आपण नागरिक असतो आणि पाणी ओसरलं की पुन्हा आपापल्या विषयात जाऊन बसतो. संविधानाच्या कलम ५१-कमध्ये वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलंय. प्रत्येक नागरिकाचं. नागरिकत्वाचा हक्क मागताना आपण संविधान उंच धरतो, मग हे पानही आपलंच आहे.

दुसरं कारण भाषेचं. समित्या निवेदनं मागवतात ती सहसा इंग्रजी किंवा हिंदीत, मुदत साधारण पंधरा दिवस. अहवाल इंग्रजी आणि हिंदीत. दापोलीच्या मच्छीमाराने, खालापूरच्या ठाकराने काय करायचं? २०२०मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ३० जूनला न्यायालयाने मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये उपलब्ध करायला सांगितलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्याआधी माधव गाडगीळ यांच्या समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल आठवा. २०११च्या ऑगस्टमध्ये दिलेला अहवाल मंत्रालयाने लोकांसमोर ठेवला तो माहिती अधिकाराच्या लढाईनंतर, २०१२मध्ये. आणि ज्या घाटासाठी तो होता, त्याच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे २०१४पासून मसुद्यांवर मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा, म्हणजे वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्या दिवशीचा. दहा वर्षं एक मसुदा अंतिम का होत नाही, राज्यं काय म्हणतात, गावांना कुणी काय समजावलं, हे मंत्रालयाच्या सचिवाला समोर बसवून विचारायची जागा म्हणजे ही समिती.

या समितीला डोक्यावर घ्या, असं मी सांगत नाही. तिच्या मर्यादा आहेत. शिफारशी बंधनकारक नाहीत. एक वर्षाची मुदत संपली की सदस्य बदलतात, जरा विषय कळू लागला की माणूस दुसरीकडे. कितीतरी खासदार बैठकांना येत नाहीत. सरकारने विधेयक पाठवलंच नाही तर समिती ते ओढून आणू शकत नाही. पण एवढ्या मर्यादा असूनही तिला डावलावंसं वाटतं, याचा अर्थ तिच्या प्रश्नांना काहीतरी धार आहे.

मग करायचं काय? मी चार साधी कामं सांगतो.

पहिलं, समितीत महाराष्ट्राचे कोण खासदार आहेत ते पाहा. संसदेच्या संकेतस्थळावर यादी असते. ते तुमच्या मतदारसंघाचे नसले तरी पत्र लिहा. तुमचा खासदार दुसऱ्या समितीत असेल तर तिथल्या विषयावर लिहा. पाण्याची वेगळी समिती आहे, शेतीची वेगळी आहे.

दुसरं, दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांवरचा एक अहवाल वाचा. फक्त एक. सरकारी भाषा आहे, कंटाळा येईल. पण कोणत्या योजनेला किती पैसे दिले आणि किती पडून राहिले, हे त्यातून कळतं. राग व्यक्त करण्याआधी आकडा माहीत असला की समोरचा दचकतो.

तिसरं, निवेदन लिहायला शिका. ते मी अब्बांकडून शिकलो. गेल्या वर्षी पूररेषांबद्दल आमच्या खासदारांना द्यायला मी दोन पानी मजकूर लिहिला. निळी रेषा, म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, १०० वर्षांतल्या पुराची. मी भरपूर विशेषणं घातली होती, ‘भयावह’, ‘हृदयद्रावक’ वगैरे. अब्बांनी चष्मा लावून वाचलं आणि पेनाने एकेक विशेषण खोडलं. म्हणाले, ‘रडगाणं नको. पाणी किती वाजता आलं लिही, किती फूट होतं लिही, आपलं काय गेलं लिही आणि काय हवंय ते एका ओळीत लिही.’ दोन पानांचं पाऊण पान झालं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पोच मात्र आहे, ती अब्बांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलीय.

चौथं काम माझ्या धंद्याचं. २०२३ची जाहिरात हुकल्यावर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो रोज सकाळी लोकसभा आणि राज्यसभेच्या समित्यांच्या सूचना पाहतो. कुठे नवीन विधेयकावर निवेदनं मागवली असतील तर माझ्या मोबाइलवर संदेश येतो. शंभरेक ओळींचा कोड आहे, त्यात काही मोठं नाही. मी त्याचा चार ओळींचा मराठी सारांश करतो, विषय काय, मुदत कधी, पाठवायचं कुठे, आणि ग्रुपवर टाकतो. सध्या ग्रुपमध्ये चाळीस माणसं आहेत, त्यातली निम्मी माझी नातेवाईक. मला इथून पाचजण हवेत, जे मराठी, उर्दू किंवा हिंदीत सारांश करतील, आणि लोकांनी मराठीत सांगितलेलं इंग्रजीत उतरवून देतील. आपली पत्रिका दोन भाषांत निघते, म्हणजे हे काम आपल्याला जमतं. विषय कोणताही असो, जंगलाचा, कोळशाचा, मच्छीमारीचा. आपला नाही असं वाटणाऱ्या पहिल्या विषयापासून सुरुवात करू.

शेवटी एवढंच. घर दुरुस्त करताना रंगाऱ्याने विचारलं होतं, ‘ही रेघ घासून काढू का?’ अब्बा म्हणाले, बाकी सगळी भिंत रंगव, तेवढी हातभर जागा सोड. ती जागा अजून तशीच आहे, नऊ फूट दोन इंचांवर खडूची तारीख. पाहुणे विचारतात हे काय, तेव्हा ते सांगतात, ‘हा आमचा अर्ज आहे. कुठे द्यायचा ते आमचा मुलगा शोधतोय.’

जागा सापडलीय, अब्बा. आता अर्ज वेळेत पोचवायचा आहे. त्यासाठी पाचजणांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.